वजन उतरले, जळजळ चढली

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात एका सहशिक्षकाने, बी.ए., बी.एड., केलेले भाषण)



या मेळाव्यात शिक्षकाने उठून अभ्यास, हजेरी आणि दहावीचा निकाल यांवर बोलावे असा आपला प्रघात आहे. यंदा सेक्रेटरी साहेबांनी मला आरोग्यावर बोलायला सांगितले. मी डॉक्टर नाही. मी मराठी आणि इतिहास शिकवतो. तेव्हा मी जे सांगणार आहे ते एका रोग्याचे बोलणे आहे असे समजून ऐकावे. मात्र या रोग्याने सहा वर्षांत आपल्या दुखण्याविषयी भरपूर विचारपूस केली आहे आणि आजचे भाषण आपल्या डॉक्टरांना आधी वाचून दाखवले आहे, एवढी खात्री देतो.

आपल्यापैकी पुष्कळांनी मला २०१९ पूर्वी पाहिलेले आहे. माझे वजन तेव्हा १३२ किलो होते आणि उंची १७० सेंटिमीटर. मधुमेह होता, रात्री घोरता घोरता श्वास अडकत असे. दुसऱ्या मजल्यावरच्या नववीच्या वर्गात पोचल्यावर मी आधी पाच मिनिटे खुर्चीवर बसत असे आणि मुलांना "मागचा धडा वाचा" म्हणून सांगत असे. मुलांना कारण ठाऊक होते. अखेर उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईच्या एका रुग्णालयात मी वजन कमी करण्याचे ऑपरेशन करून घेतले. शिक्षक पतपेढीचे कर्ज काढले. दीड वर्षात ४४ किलो उतरले. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या, घोरणे थांबले. हे सगळे आपण पाहिले आणि कौतुकही केले. त्यानंतर जे झाले ते कोणी पाहिले नाही, कारण ते मी लपवून ठेवले. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

ऑपरेशनला दोन वर्षे होत आली तेव्हा माझा आवाज बसू लागला. तिसऱ्या तासाला घोगरा, सहाव्या तासाला नाहीसा. मी समजलो, खडूची धूळ. रात्री झोपेत अचानक ठसका लागून जाग यायची आणि तोंडात आंबट-कडू पाणी. उशीवर डाग. नमाजमध्ये सजद्यात गेलो की छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखे व्हायचे आणि घास घशापर्यंत परत यायचा. मशिदीत शेजारच्या माणसाला कळू नये म्हणून मी शेवटच्या सफेत कोपऱ्यात उभा राहू लागलो. अम्मी म्हणायची, कोकमाचे पाणी घे. पत्नी म्हणायची, डॉक्टरांकडे जा. मी दोघींचेही न ऐकता मेडिकलच्या दुकानातून ॲसिडिटीच्या गोळ्यांचे पाकीट आणत राहिलो. दीड वर्ष!

का लपवले? कर्ज काढून, घरच्यांना घोर लावून, हौसेने केलेल्या ऑपरेशनविषयी तक्रार कोणत्या तोंडाने करायची? "खाणे आवरता आले नाही म्हणून पोट कापून घेतले, आता भोगा" असे एका नातेवाइकाने एकदा म्हटलेच होते. त्या एका वाक्याने मला दीड वर्ष गप्प बसवले. येथे बसलेल्या मुलांना एवढेच विचारतो, वर्गातल्या जाड मुलाला तुम्ही काय काय म्हणता ते आठवा.

आता हे ऑपरेशन काय असते आणि त्याने जळजळ का होते, ते समजून घेऊ. वजनासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांत आज जगात आणि आपल्याकडेही सर्वांत जास्त होते ती 'स्लीव्ह'. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या कोकणच्या काही तरुणांनी ती तिकडे करून घेतली आहे. जुन्या लोकांनी भिश्त्याची पखाल पाहिली असेल. आपले जठर हे त्या पखालीसारखे असते, एका बाजूने फुगणारे, वरच्या टोकाला घुमट असलेले. लिटरभर सहज मावते. स्लीव्हमध्ये या पखालीचा फुगणारा सुमारे पाऊण भाग, म्हणजे शंभरातले ७५ ते ८० भाग, स्टेपलरसारख्या यंत्राने कापून आणि शिवून कायमचा काढून टाकतात. मागे उरते ती केळ्याएवढी एक अरुंद नळी. तिच्यात थोड्या घासांत पोट भरते. शिवाय भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य प्रामुख्याने त्या घुमटातच तयार होत असल्याने भूकही मंदावते. वजन उतरते ते असे.

पण त्या घुमटाचे आणखी एक काम होते. अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंची एक झडप असते आणि घुमट व अन्ननलिका यांच्यामध्ये एक तिरपा कोन असतो. पोट भरले की घुमट फुगतो, अन्ननलिकेला बाजूने दाबतो आणि वाट बंद होते. घुमट गेला की तो कोनही गेला. शिवाय पखाल दाबली तर सैल पडून फुगते, नळीला मात्र फुगायला जागाच नाही. आतला दाब वाढतो आणि तो वरच्या बाजूला, म्हणजे झडपेवर येतो. झडप थोडी जरी ढिली असली तरी आम्ल वर चढते.

हे किती जणांना होते? फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काहींची स्लीव्ह, काहींचे बायपास. दहा वर्षांनी दुर्बिणीने पाहिले तेव्हा स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला सूज होती, बायपास झालेल्यांपैकी ७ टक्के. हे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. स्लीव्ह वाईट असा याचा अर्थ नव्हे. माझा मधुमेह तिनेच घालवला. परंतु ऑपरेशनपूर्वी मला ज्या कागदांवर सह्या करायला लावल्या त्यांत ही गोष्ट कोठे असलीच तर बारीक अक्षरांत असेल. तोंडी तर कोणीच सांगितली नाही. मला आधीपासून अधूनमधून जळजळ होत असे, हेही कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. आधीच जळजळ असणाऱ्याने स्लीव्ह करण्यापूर्वी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी आणि बायपासचा विचार करावा, हे मला फार उशिरा कळले.

शेवटी आवाजासाठी म्हणून मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घशात कॅमेरा घालून पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "मास्तर, पोटाचे काही ऑपरेशन झाले आहे का?" स्वरयंत्र आम्लाने लाल झाले होते. त्यांनी चिठ्ठी दिली. ती घेऊन मी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तेथल्या सर्जनांनी दहा मिनिटांत निकाल दिला, "स्लीव्हनंतरची जळजळ आहे, बायपास करून टाकू." खर्च चार लाखांच्या घरात. पहिल्या कर्जाचे हप्ते अजून चालू होते. घरी येताना एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, एवढे सांगितले तरी पुरे.

येथे माझ्या एका विद्यार्थ्याने मला वाचवले. तो आता सरकारी रुग्णालयात एक्स-रे विभागात काम करतो. तो म्हणाला, "सर, कुठली तपासणी झाली? नळीचा आकार कोणी पाहिला का?" कोणीच पाहिला नव्हता. मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. हे पोटविकारतज्ज्ञ. त्यांनी मला जे सांगितले ते पालकांनी विशेष लक्ष देऊन ऐकावे असे आहे. ते म्हणाले, "जळजळ हे रोगाचे नाव नाही. तुमच्या आत नेमके काय बिघडले आहे ते कळल्याशिवाय मी गोळीही लिहिणार नाही आणि सुरीही सुचवणार नाही."

मग तपासण्या झाल्या. पहिली दुर्बिणीची, म्हणजे एंडोस्कोपी. तिच्यात अन्ननलिकेचे अस्तर किती सोलवटले आहे, जठराचा वरचा भाग पडद्यातून छातीत सरकून हर्निया झाला आहे का, हे दिसते. फार वर्षे आम्ल लागत राहिले तर अस्तराची जातच बदलते, त्याला बॅरेट म्हणतात. त्याच्यातून पुढे काही जणांना कर्करोग होऊ शकतो म्हणून त्यावर नजर ठेवावी लागते. जळजळ औषधाने दबली तरी दुर्बीण टाळू नये ती यासाठी. दुसरी तपासणी, पांढरे औषध पिऊन काढायचे एक्स-रे. नळी सरळ आहे, पिळली आहे की कोठे आवळली आहे, हे त्यात दिसते. गरज पडल्यास तिसरी. नाकातून बारीक तार घालून चोवीस तास आम्लाची नोंद घेतात, आणि अन्ननलिकेचा जोर व झडपेचा दाबही मोजतात. तार नाकात घेऊन मी एक दिवस शाळेत आलो होतो. सातवीच्या मुलांनी मला "सर, तुम्ही रोबो झालात का?" असे विचारले. मला त्या दिवशी पहिल्यांदा या दुखण्याचे हसू आले.

माझ्या एक्स-रेत दिसले ते असे. नळीच्या मध्यावर जेथे जठराचा नैसर्गिक बांक असतो तेथे ती आवळली गेली होती. खाली जायची वाट अरुंद, वर मात्र झडप ढिली. अन्न आणि आम्ल वरच्या कप्प्यात साचत होते आणि सोपी वाट धरून घशाकडे येत होते. दीड वर्ष मी गोळ्या खात होतो त्या आम्ल कमी करीत होत्या, पण आवळलेली वाट गोळीने कशी मोकळी व्हावी?

यावरचा उपाय चिरफाडीचा नव्हता. भूल देऊन तोंडावाटे दुर्बीण घालतात, आवळलेल्या जागी मिटलेला फुगा नेतात आणि तो हळूहळू फुगवतात. माझा फुगा तीन सेंटिमीटरचा होता. पोटावर छेद नाही, टाका नाही. सकाळी गेलो आणि संध्याकाळी घरी आलो. एकदा करून भागले नाही, दीड महिन्याने पुन्हा करावे लागले. याला धोका नाही असे नव्हे. रक्त येऊ शकते, क्वचित नळीला भोकही पडू शकते, आणि काहींना उपयोगच होत नाही. पण माझ्या बाबतीत दुसऱ्या फुग्यानंतर आठवड्याभरात घास परत येणे थांबले. जळजळ निम्म्यावर आली. हे सगळे २०२३ साली झाले.

उरलेल्या निम्म्या जळजळीचे काय? त्यासाठी औषध आणि सवयी. १९८८ साली ओमेप्राझोल बाजारात आले. त्या जातीच्या गोळ्या आपल्या घरोघर आहेत. पण त्या घ्यायच्या कशा हे घरोघर ठाऊक नाही. मी त्या जेवणानंतर, जळजळ झाली की घेत होतो. त्या उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायच्या असतात, कारण जठर आम्ल तयार करू लागते त्या वेळी औषध तेथे हजर पाहिजे. वर्षानुवर्षे घेतल्याने व्हिटॅमिन बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. स्लीव्ह झालेल्याला बी-१२ आणि लोहाची कमतरता आधीच गाठत असते, म्हणून रक्ताची तपासणी करत राहावे लागते. या गोळ्या एकदम सोडल्या तर आम्ल उसळून येते, तेव्हा सोडायच्याही डॉक्टरांना विचारून. याहून नव्या जातीचे व्होनोप्राझन नावाचे औषध जपानमध्ये २०१४ साली मान्य झाले, अलीकडे आपल्याकडेही मिळते. ते जेवणाच्या वेळेवर इतके अवलंबून नसते. मला पहिल्या जातीनेच भागते. समुद्रातल्या शेवाळापासून केलेली एक पातळ औषधे असतात, ती जेवणानंतर घेतली की पोटातल्या अन्नावर तराफ्यासारखी तरंगतात आणि आम्ल खाली दाबून धरतात. रात्रीच्या ठसक्याला मला त्यांचा उपयोग झाला.

सवयींविषयी बोलू लागलो की लोक जांभया देतात. तरीही बोलतो, कारण फुकटचे उपाय हेच आहेत. पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली सहा ते आठ इंचांचे लाकडी ठोकळे घालावेत. दोन उशा घेऊन भागत नाही, उशांनी मान वाकते आणि पोट अधिकच दाबले जाते. आमच्या सुताराने ठोकळे करून दिले तेव्हा घरातली लहान मुले पलंगावर घसरगुंडी करू लागली. डाव्या कुशीवर झोपावे. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. जेवताना पाणी पिऊ नये, अर्ध्या तासाने घोट घोट घ्यावे. तळलेले, मसालेदार, सोड्याच्या बाटल्या आणि दिवसाचे सात-आठ चहा कमी करावेत. कमरेला पट्टा करकचून बांधू नये. आणि सिगारेट, गुटखा, मिश्री हे सोडावे, कारण तंबाखूने ती झडपच ढिली पडते. मिश्रीचे नाव घेताच मागच्या रांगेतल्या काही माता एकमेकींकडे पाहू लागल्या आहेत, ते मला येथून दिसते.

रमजानचा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात पुरेसे पाणी आणि प्रथिने पोटात जाणे हेच कठीण असते. त्या काळात रोजे ठेवावेत की नाही हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये. आजारी माणसाला सवलत आहे, हे सांगायला मौलवी साहेब समोर बसलेले आहेत, मी सांगण्याची गरज नाही. त्यानंतरच्या वर्षांत माझे हाल कशाने होत, तर सहेरी खाऊन फजरनंतर लगेच अंथरुणाला पाठ टेकण्याने. भरल्या नळीवर आडवे झाले की आम्ल वर आलेच. आता मी सहेरी थोडी करतो आणि उजाडेपर्यंत वह्या तपासत बसतो. वह्या एवढ्या वेळेवर कधी तपासून झाल्या नव्हत्या. इफ्तारला अजान होताच गोळी पाण्याच्या घोटाबरोबर आणि एक खजूर, मग मगरिबची नमाज, मग जेवण. हा क्रम डॉक्टरांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "यापेक्षा चांगले वेळापत्रक मलाही करता आले नसते." भज्यांची बशी मात्र समोरून जाते, तिच्याकडे पाहून घेतो.

माझे कारण आवळलेली नळी हे होते. दुसऱ्याचे दुसरे असेल, म्हणून इतर उपायांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. सर्वसाधारण माणसाला जळजळीसाठी जुने ऑपरेशन असते ते घुमट अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याचे. आता तोंडावाटे दुर्बीण घालूनही तशीच घडी घालता येते. स्लीव्ह झालेल्याला मात्र हे दोन्ही उपाय सहसा बंद आहेत, कारण घडी घालायला कापडच उरलेले नाही. एक भाऊ इंटरनेटवर अशी जाहिरात पाहून मला विचारायला आले होते म्हणून मुद्दाम सांगतो.

मग काय उरते? दुर्बिणीतून झडपेच्या स्नायूला रेडिओ लहरींची ऊब देऊन तो घट्ट करण्याचा एक उपाय आहे, त्याला स्ट्रेटा म्हणतात. अमेरिकेत त्याला २००० साली परवानगी मिळाली. पण स्लीव्ह झालेल्या पंधरा रुग्णांवर तो कतारमध्ये करून पाहिला तेव्हा त्रासात म्हणावा तसा फरक पडला नाही. दुसरा उपाय जपानच्या डॉ. हारुहिरो इनोउए यांचा. जठराच्या तोंडाजवळचे वरचे अस्तर ते दुर्बिणीतून अर्धचंद्रासारखे खरवडून काढतात. जखम भरताना कातडी आखडते तसे ते तोंड आखडते आणि झडप आवळली जाते. एका रुग्णाचे बिघडलेले अस्तर काढले असता त्याची जळजळ कमी झालेली त्यांना दिसली, त्यातून ही कल्पना निघाली. स्लीव्ह झालेल्यांवर ती लहान लहान गटांतच करून पाहिलेली आहे. तोंड जास्त आखडले तर गिळायला त्रास होतो आणि मग तेथेही फुगा घालावा लागतो.

पोटाला दोन-चार बारीक छेद देऊन करायचे उपायही आहेत. हर्निया असेल तर जठर खाली ओढून पडद्याचे भोक शिवतात. चुंबकाच्या मण्यांची एक अंगठी मिळते, ती अन्ननलिकेच्या टोकाभोवती बसवतात. घास आला की मणी दूर होतात, घास गेला की पुन्हा चिकटतात. आणि एक उपाय ऐकून मी थक्क झालो. आईच्या पोटात असताना नाळेतून जिच्यावाटे रक्त आपल्याकडे येत होते, ती शीर जन्मानंतर सुकून बेंबीपासून यकृतापर्यंत दोरीसारखी राहते. काही सर्जन तीच दोरी सोडवून अन्ननलिकेभोवती वेढा देऊन बांधतात, म्हणजे गेलेला कोन पुन्हा तयार होतो. आईने दिलेली दोरी कोठे कामाला येईल सांगता येत नाही. या उपायांचे दीर्घ मुदतीचे निकाल अजून थोडे आहेत, ते सगळीकडे होतही नाहीत. म्हणून कोणी "शंभर टक्के" म्हणाला तर तेथून उठावे.

आता दुसरी बाजू. आमच्याच वाडीतल्या एका भाभींची स्लीव्ह आखातात झाली होती. माझे ऐकून त्याही तपासणीला गेल्या. त्यांचा निकाल वेगळा निघाला. मोठा हर्निया, आणि अन्ननलिकेवर खोल जखमा. त्यांना डॉक्टरांनी बायपासच सांगितले. त्या माझ्याकडे रागाने आल्या, "मास्तर, तुम्ही तर म्हणाला होता की फुग्याने होते!" मला फार वाईट वाटले, कारण माझ्या बोलण्याचा त्यांनी तसा अर्थ घेतला होता आणि चार महिने तारीख पुढे ढकलली होती. बायपासमध्ये जठराचा अंगठ्याएवढा वरचा भाग वेगळा करून थेट आतड्याला जोडतात, आम्ल करणारा भाग बाजूला राहतो, म्हणून जळजळ बहुतेकांची जाते. किंमतही द्यावी लागते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, गोड खाल्ले की घाम आणि चक्कर, आणि दुखण्यावरच्या गोळ्या वाटेल तशा घेतल्या तर जोडाच्या जागी अल्सर. भाभी आज बऱ्या आहेत, रात्री सपाट झोपतात. त्या ऑपरेशनला भिऊन फुग्यामागे धावत बसल्या असत्या तर त्यांचे नुकसान झाले असते, आणि मी घाईने बायपास केले असते तर माझे. दोघांची तक्रार मात्र शब्दाला शब्द सारखीच होती.

एक धोक्याची गोष्ट राहिली. छातीतली प्रत्येक जळजळ आम्लाची नसते. चालताना वाढणारी, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी, घाम फोडणारी कळ आली तर गोळी शोधत बसू नये, आधी हृदयाचा आलेख काढावा. घास अडकू लागला, रक्ताची उलटी झाली, शौचास डांबरासारखे काळे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

माझी आजची स्थिती विचाराल तर जळजळ पूर्ण गेलेली नाही. आठवड्यातून एखादी रात्र वाईट जाते. आवाज सहाव्या तासापर्यंत टिकतो. गेल्या दुर्बिणीत अन्ननलिकेची सूज उतरलेली दिसली. पुढची तपासणी मे महिन्याच्या सुट्टीत आहे. नळी पुन्हा आवळली तर तिसरा फुगा, आणि त्यानेही भागले नाही तर बायपास, असे डॉक्टरांशी बोलणे झालेले आहे. पतपेढीचे कर्ज मात्र फिटले, शेवटचा हप्ता मार्चमध्ये गेला.

कार्यक्रम संपल्यावर मी शिक्षक-खोलीत तासभर बसणार आहे. ज्यांचे किंवा ज्यांच्या घरच्यांचे असे ऑपरेशन झालेले आहे त्यांनी यावे. येताना ऑपरेशनचा कागद आणि जुने रिपोर्ट असतील तर आणावेत. कोणत्या तपासण्या राहिल्या आहेत ते आपण मिळून पाहू आणि डॉक्टरांना काय विचारायचे ते कागदावर लिहून काढू. भगिनींसाठी आमच्या मुख्याध्यापिका बाई तेथे थांबणार आहेत. खोलीचे दार बंद करता येते.